दात हलतोय? हात मागे घ्या आणि दाढेकडे बघा

जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा माझ्या पहिलीच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांचे दात जागच्या जागी असतात. एप्रिलमध्ये वर्गाचा फोटो निघतो तोवर अर्ध्या पोरांच्या तोंडाला खिडक्या पडलेल्या असतात, आणि फोटोवाला ‘हसा’ म्हणाला की निम्म्या जणी ओठ घट्ट मिटून घेतात. मधल्या काळात हे दात कुठे कुठे पडतात ते मला विचारा. पोळीच्या घासात, कंपासपेटीत, मैदानात, बे चोक आठ म्हणताना. एकीने तर फळ्यापाशी येऊन ‘बाई, हा घ्या’ म्हणत माझ्या तळहातावरच ठेवला होता.

मी नारायण पेठेतल्या एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दातांची डॉक्टर नाही. पण दात पडायला सुरुवात होते ते वय नेमकं माझ्या वर्गातलं. वर्गात दात पडतो तेव्हा आई जवळ नसते, डॉक्टर नसतात, बाईच असतात. शाळेत दंततपासणीला ज्या डॉक्टरबाई येतात त्यांना मी पालकांचे प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडते. त्यातून जे गाठीला आलं ते इथे मांडते. माझं मत आधीच सांगून टाकते. घरोघरी पडणाऱ्या दाताचा फार बाऊ होतो आणि येणाऱ्या दाढेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हे उलटं व्हायला हवं.

दात हलायच्या आधी बोला

बहुतेकांचा पहिला दात सहा ते सात वर्षांच्या दरम्यान पडतो. कुणाचा पाचव्यातच हलतो, कुणी आठवं वर्ष गाठतं. मुलींचे साधारण थोडे आधी पडतात. ज्याला तान्हेपणी दात लवकर आले, त्याचे पडतातही सहसा लवकर. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करत बसू नका. मात्र चार वर्षांच्या मुलाचा दात धडपड, मार काहीही नसताना हलायला लागला, किंवा आठ उलटून गेली तरी एकही हलला नाही, तर एकदा दाखवून या.

मूल मोठ्या गटात असतानाच हा विषय काढून ठेवावा, असं मी पालकसभेत नेहमी सांगते. कारण दात पडलेला एकच माणूस त्या मुलाने पाहिलेला असतो, तो म्हणजे आजोबा. त्यांची कवळी रात्री पाण्याच्या वाटीत असते. आपला दात हलला की काही मुलांच्या डोक्यात सरळ हिशेब होतो, आपण म्हातारे झालो. ‘बाई, मी आता मरणार का?’ हे वर्गात मला विचारलं गेलंय. अशा वेळी हसायचं नाही. उत्तर सोपं आहे आणि खरंही आहे. तुझ्या हिरडीच्या आत मोठे दात तयार होतायत. ते वर सरकतात तसं दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं. मूळ संपलं की दाताला धरून ठेवायला काही उरत नाही, म्हणून तो हलतो आणि पडतो. आजोबांच्या दाताखाली दुसरा दात वाट बघत नव्हता, तुझ्याखाली आहे. एवढं सांगितलं की मुलं समजतात. काही तर लगेच आजोबांना जाऊन समजावूनही येतात.

म्हणूनच पडलेला दात उलटा करून पाहिला तर खालून पोकळ, टोपीसारखा दिसतो. दरवर्षी कुणीतरी आई घाबरून फोन करते, ‘अहो बाई, मूळ आत तुटून राहिलंय का?’ नाही राहिलेलं. ते विरघळून गेलं.

दुधाचे दात २०, त्यामुळे पडायचे सगळे २०च. ही सगळी वरात सहाव्या वर्षापासून साधारण बाराव्यापर्यंत चालते. पहिल्यांदा खालचे मधले दोन पटाशीचे दात, मग वरचे मधले दोन, मग त्यांच्या शेजारचे. हे आठ दात आठ-नऊ वर्षांपर्यंत आटोपतात. मग मोठी विश्रांती, पालकांना वाटतं संपलं. नऊ-दहानंतर सुळे आणि दुधाच्या दाढा सुरू होतात. तोवर मूल पाचवी-सहावीत गेलेलं असतं आणि पडलेली दाढ घरी दाखवायचंही त्याच्या लक्षात राहत नाही.

हलतोय तोवर

हलणारा दात दोन-चार दिवसांत पडेल किंवा दीड-दोन महिने लोंबत राहील. त्याला काळवेळ नाही, आणि आपण मध्ये पडायचं काही कारणही नाही. मुलाने जिभेने ढकलावा, वाटलं तर धुतलेल्या बोटाने हलवावा. धुतलेल्या यावर माझा जोर आहे, कारण खडू, माती आणि खोडरबराचा चुरा यातूनच ते बोट थेट तोंडात जातं.

दोऱ्याचं एक टोक दाताला आणि दुसरं दाराच्या कडीला बांधून दार आपटायचं, ही मर्दुमकी प्रत्येक घरातल्या एका तरी काकाने सांगितलेली असते. काकांना नमस्कार करावा आणि दोरा शिवणाच्या डब्यात ठेवून द्यावा. मूळ पुरतं विरघळलेलं नसेल तर हिरडी फाटते, रक्त जास्त जातं, कधी मुळाचा तुकडा आत राहतो. त्याहून मोठं नुकसान पुढे दिसतं. ज्या मुलाचा दात फसवून ओढलाय, ते पुढे कुणाला तोंडात बघू देत नाही. दंततपासणीच्या दिवशी रांगेत शेवटी जाऊन लपणारी मुलं बहुतेक यातलीच.

दात अगदी कातडीवर लटकतोय आणि मूल स्वतःच ‘आई, काढ ना’ म्हणतंय, तर गोष्ट वेगळी. हात धुवा, स्वच्छ गॉज किंवा मऊ सुती कापड दाताभोवती धरा आणि हलकेच पिळल्यासारखं फिरवा. यायचा असेल तर येतो. मूल कळवळलं की तिथेच सोडून द्या, अजून त्याची वेळ झालेली नाही.

डब्याचं बघा. पुढचा दात हलणाऱ्या मुलाला अख्खं सफरचंद किंवा अख्खा पेरू दिलात तर डबा तसाच घरी परत येईल. फोडी करून द्या, त्या मागच्या दाढांनी चावता येतात. आदल्या रात्रीची वातड झालेली पोळी या दिवसांत नकोच. तूप लावलेली मऊ घडीची पोळी, धिरडं, उपमा, दहीभात. संध्याकाळी मेतकूट-भात आणि वर साजूक तूप, याला तोड नाही. बाकरवडी, चिक्की, संक्रांतीचा ऊस हे थोडे दिवस बाजूला. खरं तर उसाच्या कांडक्याने आजवर जितके दुधाचे दात निकालात काढले असतील तितके कुठल्या दवाखान्याने काढले नसतील. पण हलायला नुकती सुरुवात झालेल्या दाताने ऊस सोलायला गेलं की दुखतं आणि मूल घाबरतं.

घासायचं मात्र थांबवू नका. हलणाऱ्या दाताच्या आसपास ब्रश फिरवायला मुलं टाळतात, तिथे अन्न साचतं, हिरडी सुजते, मग ब्रश लागला की रक्त येतं आणि ती अजूनच टाळतात. मऊ ब्रशने, हळू, पण रोज दोनदा. फ्लोराईड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचं घासणं मोठ्यांनी करावं किंवा निदान शेजारी उभं राहून बघावं. पहिलीतल्या मुलाला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला मागच्या दाढा नीट घासता येतील हा भाबडेपणा आहे.

घरगुती उपायांपैकी दोन गोष्टींबद्दल मी वाईटपणा घेऊनही बोलते. एक मिश्री. काही घरांत आजी स्वतः लावते आणि नातवाचा दात ठणकला की त्याच्याही हिरडीवर बोट फिरवते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू आहे. लहान मुलाच्या तोंडात तो जाता कामा नये. दुसरं लवंगेचं तेल. नुसतं तेल लावलं तर कोवळी हिरडी भाजते. तसंही हलणारा दात फारसा दुखत नाही. ठणकत असेल, रात्री झोप उडत असेल, गाल सुजला असेल, तर तिथे कीड असते आणि त्याला डॉक्टरच लागतात.

पडला!

आधी रक्ताचं. रक्त थेंबभर असतं, पण लाळेत मिसळलं की तोंडभर दिसतं आणि पोर रडायला लागतं. एकदा हलकी चूळ भरायला लावा. मग गॉजची किंवा स्वच्छ ओल्या रुमालाची घट्ट घडी त्या खड्ड्यावर ठेवून दहा-पंधरा मिनिटं दाताखाली दाबून धरायला सांगा. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का?’ बघायचं नाही, पुन्हापुन्हा चुळा भरायला लावायच्या नाहीत, त्याने जमलेली गुठळी निघते. अर्ध्या तासानंतरही रक्त येत राहिलं तर डॉक्टरांना फोन करा, पण अशी वेळ क्वचित येते. त्या दिवशी थंड, मऊ खाणं बरं. मस्तानी हवीच असेल तर चमच्याने खाऊ द्या. नळीने जोर लावून ओढलं की पुन्हा रक्त सुरू होतं.

माझ्या टेबलाच्या खणात या कामासाठी गॉजची पाकिटं, एक छोटा आरसा आणि तुळशीबागेतून आणलेल्या कुंकवाच्या रिकाम्या डब्या असतात. आरसा फार कामाचा. रडणाऱ्या मुलाला ‘काही नाही झालं’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा आरसा हातात दिला की ते स्वतःची फट बघण्यात रंगून जातं. डबी अशासाठी की वहीच्या कागदात गुंडाळलेला दात हमखास कचऱ्यात जातो. घरी निघताना आई दात मागते आणि मग रडारड. डबीवर नाव लिहायचं, दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवायची, डायरीत एक ओळ लिहायची. पालकांनीही दात हलायला लागल्यावर दप्तरात एखादी डबी टाकून ठेवावी.

तरीही दात हरवतातच. मैदानाच्या मातीत तांदळाएवढा दात कुठे शोधणार? अशा वेळी मी मुलांना त्या दाताचं चित्र काढायला लावते आणि खाली उंदराला दोन ओळी लिहायला. ‘उंदीरमामा, दात मैदानात आहे, तूच शोध.’ शुद्धलेखनाच्या चुका मी त्यात काढत नाही.

आणि गिळला तर? जेवताना बऱ्याच मुलांचा दात पोटात जातो. तो शौचावाटे निघून जातो, काही करावं लागत नाही. ‘पोटात झाड उगवेल’ वगैरे गंमत तेव्हा करू नका, खरं वाटतं त्यांना. मात्र दात गेल्यावर खोकला सुरू झाला, ठसका थांबेना, श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर तो श्वासनलिकेत गेल्याची शक्यता असते. मग एक क्षणही न घालवता दवाखाना.

पडलेल्या दाताचं काय करायचं, यावर घराघरांत मतभेद असतात. मी वाड्यात वाढले. आमच्याकडे दात शेणाच्या छोट्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचा आणि उंदराला सांगायचं, माझा घे, तुझा दे. उंदरालाच का, याला कारण आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि असे दात कुणाला नको असतील? आता पेठांतही कौलं बोटांवर मोजण्याइतकी राहिली. सातव्या मजल्यावरून फेकलेला दात खालच्या गाडीच्या टपावर पडतो. काही घरी तुळशीच्या कुंडीत पुरतात, काही जण सोसायटीच्या बागेत. मला कुंडी आवडते, कारण रोज पाणी घालताना मूल चौकशी करतं.

इंग्रजी शाळांतून दातपरीही आता पेठेत आली आहे. उशीखाली दात ठेवायचा, सकाळी पैसे. माझी हरकत परीला नाही, भावाला आहे. एकाला पाच रुपयांचं नाणं मिळतं, दुसऱ्याला पाचशेची नोट, आणि मधल्या सुट्टीत दोघे शेजारी बसून डबा खातात. एखादं नाणं, एखादं गोष्टीचं पुस्तक, बास. शिवाय घरात नियम आधी ठरवा, कारण आजी उंदीर म्हणते आणि आई परी म्हणते तेव्हा मूल दोघींकडून वसूल करतं.

फट पडल्यावरची चिडवाचिडवी वर्गात फार होत नाही, कारण सगळेच त्या वाटेवर असतात. खरी होते ती लग्नामुंजीत. ‘काय रे, दात उंदराने नेले का? बोळकं झालं की!’ असं प्रत्येक पाहुणा म्हणतो आणि प्रत्येकाला वाटतं हा विनोद आपणच पहिल्यांदा केला. लाजणाऱ्या मुलाला आधीच एक उत्तर शिकवून ठेवा. माझ्या वर्गात चालतं ते असं: ‘गणपतीचा पण एक दात नाही.’ पुण्यात यावर पुढे कुणी बोलत नाही. भाद्रपदात दात पडलेल्यांची तर चैनच, उकडीचा मोदक चावायला दात लागतातच कुठे?

वरचे पुढचे दोन्ही दात एकदम गेले की बोलणं थोडं बदलतं. ‘स’ म्हणताना हवा सुटते, ‘फ’ आणि ‘व’ला खालचा ओठ टेकवायला वर दात नसतो, ‘चमचा’मधला ‘च’ घसरतो. नवे दात पुरते खाली येईपर्यंत हे चालायचंच. प्रकट वाचनात त्यावरून टोकू नका आणि कौतुकाने तसंच बोलून दाखवूही नका. दात येऊन बरेच महिने झाले तरी उच्चार तसाच राहिला तर मात्र वाचातज्ज्ञांना विचारावं.

नवे दात बघून घाबरणाऱ्यांसाठी

या फोनांचा क्रमही मला आता पाठ झालाय.

‘बाई, दातामागे दात आलाय, दोन ओळी झाल्यात!’ खालचे पक्के दात बऱ्याचदा दुधाच्या दातांच्या मागून, जिभेच्या बाजूने डोकावतात. पुढचा दात हलत असेल तर मुलाला तो हलवत राहू दे. तो पडला की जीभच मागच्याला हळूहळू पुढे ढकलते. दोन-तीन महिने होऊनही दुधाचा दात घट्टच असेल किंवा हे वरच्या दातांत दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा, कधीकधी काढावा लागतो.

‘नवा दात पिवळा आहे.’ पक्का दात दुधाच्या दातापेक्षा पिवळसर असतोच. दुधाच्या पांढऱ्याशुभ्र दातांशेजारी तो जास्तच उठून दिसतो. पांढरं करणारी पावडर घासू नका. डाग मात्र वेगळे. खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी चट्टे असतील तर दाखवून घ्या.

‘कडा करवतीसारखी आहे.’ नव्या पटाशीच्या दाताला तीन बारीक उंचवटे असतात, चावून चावून ते झिजतात.

‘मध्ये केवढी फट, तारा लावायच्या का?’ आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे वरचे दात फाकलेले दिसतात, कारण आतून येणारे सुळे त्यांच्या मुळांना रेटत असतात. सुळे खाली उतरले की बहुतेकांची फट मिटते. सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवून ठेवा आणि मग धीर धरा.

जीभ लावली की दात वाकडा येतो, हा आजीबाईंचा धाकही अनाठायी आहे. खड्ड्यात जीभ जाणारच. अंगठा चोखायची सवय मात्र पक्के दात येण्याआधी सुटायला हवी, त्याने वरचे दात खरोखर पुढे येतात.

आता दाढेकडे बघा

इथवर जे लिहिलं, त्यातलं बरंचसं तुम्ही काही केलं नाहीत तरी आपोआप पार पडतं. दाढेचं तसं नाही.

सहाव्या वर्षाच्या सुमारास, बहुतेकदा पहिला दात हलत असतानाच, सगळ्यात मागे एक एक पक्की दाढ येते. वर दोन, खाली दोन. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, मोकळ्या जागेत गुपचूप येते. रक्त नाही, डबी नाही, उंदीर नाही, परी नाही. म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. पुढे दुसरी-तिसरीत दंततपासणी होते, डॉक्टरबाई सांगतात ‘ही दाढ किडली आहे’, आणि पालक म्हणतात, ‘जाऊ द्या हो, दुधाची आहे, पडेल.’ ती पडणार नाही. साठाव्या वर्षी भाकरी चावायची आहे ती हिच्यावर.

ओळखायची कशी? मोबाईलचा टॉर्च लावा, मुलाला उजेडात आ करायला सांगा आणि पुढच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत मागे जा. एक आणि दोन पटाशीचे दात, तीन सुळा, चार आणि पाच दुधाच्या दाढा. मध्ये एखादा पडून फट असेल तर तीही मोजा. पाचाच्या मागे सहावं काही दिसलं तर ती पक्की दाढ. चारही कोपऱ्यांत बघा, चारही एकाच वेळी येत नाहीत. अर्धी वर आलेली असताना तिच्यावर हिरडीची घडी असते आणि तिथे थोडं दुखू शकतं. ‘दात पडत नाही तरी मागे दुखतंय’ अशी तक्रार सहा वर्षांचं मूल करतं तेव्हा बऱ्याचदा हीच उगवत असते.

नवी दाढ शेजारणीपेक्षा बुटकी असते. नेहमीसारखा ब्रश पुढेमागे फिरवला तर केस उंच दाढांवरूनच घसरून जातात, हिला लागतच नाहीत. म्हणून ब्रश गालाकडून आडवा आत घाला आणि तेवढी एकच दाढ वेगळी घासा. तिच्या वरच्या खाचा खोल असतात. क्रीमचं बिस्किट, राजगिऱ्याची वडी, जॅम-पोळी, जे जे चिकट ते त्या खाचांत जाऊन बसतं. खाल्ल्यावर चूळ, आणि रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. झोपताना दुधाचा कप हातात देणाऱ्या घरांची कीड मला हजेरीपटावरूनसुद्धा सांगता येईल.

या खाचांवर डॉक्टर सीलंटचा, म्हणजे खाचा बुजवणाऱ्या पदार्थाचा, पातळ थर बसवतात. टोचणं नाही, कोरणं नाही, थोड्या वेळात होतं. दाढ पुरती वर आली की लगेच विचारा. पुण्यात खासगी दवाखान्यांना तोटा नाही, पण खर्चाची अडचण असेल तर दंतमहाविद्यालयांत जा. धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला आहे. लहान मुलांच्या दातांसाठी तिथे वेगळा विभाग असतो. शिकणारे डॉक्टर तपासतात, वरिष्ठ वरून बघतात. वेळ जास्त लागतो, अर्धा दिवस काढून जा आणि सोबत खेळायला काहीतरी न्या. शिवाय सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होते, त्यात दातांची कीडही पाहतात. त्या तपासणीची चिठ्ठी दप्तरात चुरगळून पडलेली असते, ती काढून वाचा.

‘दुधाची आहे, पडेल’ हे वाक्य खऱ्या दुधाच्या दाढेबाबतही महागात पडतं. ती दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायची असते. सातव्या वर्षी किडून काढावी लागली तर मागची सहावी दाढ पुढे सरकून ती जागा बळकावते, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट राहत नाही. म्हणून दुधाची दाढही भरून घ्यायची. काढावीच लागली तर जागा राखणारी छोटी पट्टी बसवायची का, हे डॉक्टरांना तिथेच विचारायचं.

पडलेला नव्हे, पाडलेला

घसरगुंडी, सायकल, जिन्याची पायरी, स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं राहणं. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा नवा दात मार लागून अख्खा मुळासकट निघाला, तर तिथे मिनिटांचा हिशेब असतो. मूल बेशुद्ध झालं, उलट्या झाल्या किंवा डोक्याला मार असेल तर दात विसरा, आधी मोठं रुग्णालय. नाहीतर दात शोधा, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवा, घासू नका, पुसू नका. मूल शांत असेल तर दात त्याच खड्ड्यात सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमलं नाही तर थंड दुधात टाका, पेठेत कोपऱ्याकोपऱ्यावर डेअरी आहे. पाण्यात ठेवू नका, कोरड्या रुमालात गुंडाळू नका. अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम, तासाच्या आत तरी पोचाच. संध्याकाळी लक्ष्मी रस्ता ओलांडण्यातच अर्धा तास जातो, तेव्हा तुमचे नेहमीचे डॉक्टर कोथरूडला असले तरी जो दंतवैद्य जवळ तो आपला. वाटेतून फोन करून सांगा, म्हणजे ते तयार राहतील.

दुधाचा दात असा निघाला तर तो परत बसवायचा नसतो, त्याने खालच्या पक्क्या दाताच्या कळीला इजा होऊ शकते. तरी मुलाला त्याच दिवशी दाखवून आणा. आणि हातातला दात दुधाचा की पक्का हे कळेनासं झालं तर बसवायच्या भानगडीत न पडता दुधात टाका आणि निघा, तो बघून काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.